पाणचक्कीचे पीठ

जुन्या औरंगाबादच्या तटाबाहेर, खाम नदीच्या काठी, बाबा शाह मुसाफिर यांचा दर्गा आहे. शहराचे नाव २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर झाले. दर्ग्याच्या आवारातले एक दगडी जाते मात्र आपले जुनेच नाव सांभाळून आहे. त्याला पाणचक्की म्हणतात. वेरूळची लेणी आणि बीबीचा मकबरा पाहून झाला की सहलीची मोटार बहुधा शेवटी इथे येते. माणसे तिकीट काढून आत जातात, हौदातले मासे पाहतात, वडाच्या सावलीत घटकाभर बसतात आणि निघतात. जात्यापाशी फारसे कोणी थांबत नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी ज्याच्यापुढे पाय पसरून उभा जन्म घालविला ती वस्तू इथे नुसत्या पाण्यावर फिरते, त्यात पाहण्याजोगे काय आहे, असे वाटत असावे. आम्ही आज श्रोत्यांना त्या जात्यापाशी जरा जास्त वेळ उभे करणार आहोत. आम्ही कोणी संशोधक नव्हे. जिनिंग-प्रेसिंगचे मजूर, हमाल, सरकी वेचणाऱ्या बाया यांच्यात आमची हयात गेली, आणि जे वाचले ते सभा आटोपल्यावर कंदिलाच्या नाही तरी चाळीस वॅटच्या दिव्याखाली वाचले. तेव्हा यंत्र दिसले की ते कोणाचे आणि कोणासाठी, असे विचारण्याची खोड आम्हांला जडली आहे. ती या व्याख्यानातही सुटणार नाही.

प्रथम ते चालते कसे ते पाहू.

शहराच्या उत्तरेला हर्सूलच्या बाजूचे डोंगर आहेत. तिकडे सुमारे ८ किलोमीटरवर झऱ्यांचे पाणी जमिनीच्या पोटात गोळा करून ते बंद नळांतून शहराकडे आणले आहे. नळ भाजक्या मातीचे, चुन्याच्या बांधकामात बसविलेले. वाटेत ठिकठिकाणी विटा-दगडांचे उंच खांब उभे केले आहेत. त्यांतून नळात कोंडलेली हवा बाहेर पडते, पाण्याचा दाब आवरला जातो आणि गाळ मागे राहतो. मोट नाही, रहाट नाही, बैल नाही. डोंगर उंचावर आहे आणि शहर सखल आहे, एवढ्या एका गोष्टीवर सारा कारभार. शेवटी हे पाणी दर्ग्यापाशी एका उंच भिंतीवर चढते आणि तिथून पडद्यासारखे हौदात कोसळते. पाणी भिंतीवर चढते हे पाहून भाविक माणूस हात जोडतो. पण बंद नळातले पाणी आपल्या उगमाची उंची गाठू पाहते हे शाळेतल्या पोरालाही सांगता येते. नवल असलेच तर ते मोजमापाचे आहे. आठ किलोमीटरच्या वाटेवर उतार कुठे फार झाला असता तर दाबाने नळ फुटले असते, कुठे कमी पडला असता तर पाणी अडून बसले असते. ज्या गवंड्यांनी आणि बेलदारांनी हा उतार साधला त्यांच्यापैकी एकाचेही नाव इतिहासात नाही.

या पाण्याचाच एक फाटा जात्याच्या खोलीखाली जातो. तिथे लोखंडी पात्यांचे चक्र आडवे बसविलेले आहे. पाण्याची धार पात्यांवर आदळली की चक्र गरगरते. चक्राच्या मध्यातून वर निघालेला कणा खालच्या दगडातून आरपार जातो आणि वरच्या दगडाला धरून त्याला आपल्याबरोबर फिरवितो. खालचा दगड स्थिर, वरचा फिरता, वरच्याच्या तोंडात दाणे आणि काठाने पीठ, हे सारे घरच्या जात्यासारखेच. खुंटा तेवढा नाही, आणि खुंट्याला धरलेला हात नाही. दातेरी चाकेही नाहीत. चक्राचा एक फेरा म्हणजे दगडाचा एक फेरा. ही घाटणी फार जुनी आणि फार साधी आहे. गढवाल-कुमाऊंच्या डोंगरी ओढ्यांवर अशाच चक्क्या आजही पीठ दळतात, तिकडे त्यांना घराट म्हणतात. तिकडचा एखादा शेतकरी औरंगाबादेस आला तर त्याला ते चक्र ओळखीचे वाटेल. थक्क होईल तो त्याच्यामागचा नळ पाहून. त्याच्या गावी ओढा दाराशी असतो. इथे पाणी आठ किलोमीटरवरून बोलावून आणले आहे.

हौदाविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत. तो सुमारे १६४ फूट लांब व ३१ फूट रुंद आहे आणि त्याच्या तळाखाली खांबांवर तोललेले एक प्रशस्त दालन आहे. म्हणजे दालनाचे छत तोच हौदाचा तळ. मराठवाड्याच्या वैशाखात वर पाणी आणि खाली माणसे, अशी थंडाव्याची सोय. वापरून उरलेले पाणी खाम नदीत जाते. एकाच पाण्याने पाहुण्याचा घाम वाळविला, पीठ दळले, वजूची सोय केली आणि मग ते नदीला मिळाले. पाण्याची इतकी काटकसर आज आमच्या नगरपालिकांना साधत नाही.

आता हे घडविले कोणी? औरंगाबादच्या नहरांचा मूळ पुरुष मलिक अंबर. तो आफ्रिकेतल्या हबसाण देशात जन्मला, लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेला, हातोहाती विकत विकत दख्खनेत आला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ता कारभारी झाला. १६१० साली त्याने खडकी गाव वसविले, तेच पुढे औरंगाबाद. १६१७ च्या सुमारास त्याने तिथे नहरे अंबरी हा जमिनीखालचा कालवा आणला. त्याच दशकात त्याचा शत्रू, मोगलांचा सरदार अब्दुर्रहीम खानखाना, आमच्या वऱ्हाडाच्या सरहद्दीपलीकडे बऱ्हाणपुरास याच जातीचे भूमिगत पाणी खेळवीत होता. रणांगणात एकमेकांची मुंडकी मागणारे हे दोघे पाण्याच्या बाबतीत मात्र एकाच गुरूचे शिष्य शोभतात. ती विद्या इराण-तुर्काणातून आली होती. मलिक अंबर १६२६ साली वारला. त्याने घालून दिलेल्या वाटेवर पुढे आणखी नहर झाले, त्यांपैकी एक पाणचक्कीचा.

बाबा शाह मुसाफिर हे बुखाऱ्याजवळच्या गिज्दुवानकडचे, नक्षबंदी पंथाचे फकीर. त्यांचे गुरू बाबा पलंगपोश हे मोगली फौजेबरोबर दख्खनभर फिरले. शिष्याने मात्र औरंगाबादेस खाम नदीच्या काठी तकिया मांडला, आणि तुर्कस्तानातून नशीब काढायला दक्षिणेत येणारे शिपाईप्यादे, फकीर, वाटसरू तिथे उतरू लागले. मुसाफिरांच्या मागे त्यांचे शिष्य शाह महमूद गादीवर आले आणि त्यांच्या काळात इमारती वाढल्या. मशीद, मदरसा, सराई. १७४४ साली निजामुल्मुल्काच्या पदरचा सरदार तुर्कताज खान याने पाणी आणून पाणचक्की बसविली. आपल्या वऱ्हाडी श्रोत्यांना ही माणसे परकी वाटायला नकोत. याच निजामुल्मुल्काने १७२४ साली बुलढाण्याकडील साखरखेर्ड्याच्या लढाईत मुबारिजखानाला मारले आणि दख्खन आपल्या हाताखाली घेतली. तेव्हापासून वऱ्हाडावर एकीकडून निजामाचा आणि दुसरीकडून नागपूरकर भोसल्यांचा असा दुहेरी वसूल बसला, त्याला दुअमली म्हणत. चांदुराच्या रयतेने जो दाणा दोन्ही धन्यांना दिला, त्यातलाच काही निजामाच्या वाट्यातून फौजफाट्याच्या आणि धर्मादायाच्या खर्चात गेला असणार.

काही वर्षांपूर्वी आम्ही युनियनच्या सभासदांची सहल चांदुराहून मनमाडमार्गे तिकडे नेली होती. मार्गदर्शकाने सन, सनावळी, सरदार सारे सांगितले. पुरुष मंडळी माना डोलवीत होती. आमच्यात जिनात काम करणारी एक वयस्क बाई होती. तिने जात्याकडे बराच वेळ पाहिले आणि विचारले, "अन् हे पीठ कोनाच्या घरी जाये?" मार्गदर्शक म्हणाला, लंगरात, फकिरांना आणि मुसाफिरांना भाकरी-रोटीसाठी. बाई म्हणाली, "मंग बरं हाय." आणि पुढे गेली.

हा प्रश्न आम्हांला चक्राहून आणि नहराहून मोठा वाटतो. एका दृष्टीने बाईचे म्हणणे खरेच होते. हे जाते कोणाच्या नफ्यासाठी फिरले नाही. मठातल्या माणसांचे दळण करणाऱ्या दासी-बटकींचे हात त्याने मोकळे केले आणि पीठ भुकेल्याच्या ताटात गेले. पण दाणे कुठून आले असे विचारले तर उत्तर तितके गोड राहत नाही. अशा दर्ग्यांना आणि मठांना, हिंदूंच्या असोत की मुसलमानांच्या, गावे तोडून द्यायची चाल होती. त्या गावांचा सारा म्हणजे शेतकऱ्याच्या खळ्यावरचा वाटा. पाणचक्कीने दळणाचे कष्ट वाचविले. पेरणी-कापणीचे कष्ट जिथल्या तिथे राहिले. आणि दर्ग्याच्या भिंतीपलीकडे औरंगाबाद शहरात, घराघरांत, पहाटेच्या अंधारात बाया जाते ओढतच होत्या. शंभर पावलांवर पाणी फुकट दळत असताना.

पाण्याने दळायचे ही कल्पना तुर्कताज खानाच्या काळी नवी नव्हती. ती त्याच्या आधी सतराशे वर्षे माणसाला ठाऊक होती. ख्रिस्ताच्या जन्माच्या सुमारास थेसलोनिकाचा अँटिपेटर नावाचा एक ग्रीक कवी होऊन गेला. त्याने पाणचक्कीवर एक लहानशी कविता केली. तिच्यात तो दळणाऱ्या दासींना सांगतो की आता कोंबडा आरवला तरी उठू नका, तुमचे काम जलदेवतांनी उचलले आहे. त्याच सुमारास व्हिट्रुव्हियस या रोमन शिल्पज्ञाने उभ्या चाकाच्या, दातेरी चाके जोडलेल्या चक्कीचे वर्णन करून ठेवले. म्हणजे कवीला स्वप्न पडले होते आणि कारागिराला हिशेब जमला होता. तरी रोमन साम्राज्यात पाणचक्की आली तशी ती सगळीकडे पसरली नाही, आणि ज्या घरी गुलाम होते तिथे गुलाम दळतच राहिले. कार्ल मार्क्सने १८६७ साली निघालेल्या आपल्या 'भांडवल' ग्रंथात या ग्रीक कवीची मुद्दाम आठवण काढली आहे. बिचाऱ्याला वाटले यंत्र आले की दासीला झोप मिळेल. यंत्राने कामाचा दिवस लांबविताही येतो हे त्याच्या ध्यानी आले नाही, असा मार्क्सचा खोचक रोख आहे. योगायोग असा की त्याच १८६७ साली आमच्या चांदुरावरून जाणारा लोहमार्ग नागपूरला पोहोचला. त्या लोहमार्गाचाही या गोष्टीशी संबंध आहे, तो पुढे येईल.

पाणचक्की खरी फोफावली ती युरोपच्या सरंजामी काळात. इंग्लंडात १०८६ साली राजाने जमिनीची जी मोठी पाहणी करविली, तिच्यात साडेपाच हजारांवर चक्क्यांची नोंद आहे. आता बायांचे हात मोकळे झाले असतील असे कोणी समजेल. झाले ते असे. ओढा जमीनदाराचा, म्हणून चक्की जमीनदाराची. पुष्कळ ठिकाणी रयतेने आपले धान्य धन्याच्याच चक्कीवर आणले पाहिजे आणि दळणाईचा वाटा दिला पाहिजे असा दंडक झाला. घरी जाते ठेवणे हा गुन्हा! सेंट आल्बन्स नावाच्या गावी एक श्रीमंत मठ होता. १३३१ च्या सुमारास तिथल्या महंताने लोकांच्या घरांतून जाती उपटून आणली आणि त्यांचे दगड आपल्या बैठकीच्या खोलीत फरशीसारखे बसविले. पुढे पन्नास वर्षे लोक मठात काही कामाला गेले की आपल्याच आज्यांच्या जात्यांवर पाय देऊन उभे राहत. १३८१ साली इंग्लंडभर शेतकऱ्यांचे बंड पेटले तेव्हा सेंट आल्बन्सच्या लोकांनी मठात शिरून ती फरशी खणून काढली आणि दगडाचे तुकडे प्रसादासारखे आपसांत वाटून घेतले. बंड मोडले, पुढाऱ्यांना फाशी झाली. जाती जप्त करणारा तो महंत, वॉलिंगफोर्डचा रिचर्ड, घड्याळे बनविण्यात मोठा निष्णात होता. त्याच्या घड्याळाचा यंत्रविद्येच्या इतिहासात गौरवाने उल्लेख होतो. रयतेचे पीठ आणि रयतेचा वेळ ही दोन्ही मापे एकाच माणसाच्या हाती आली हे आम्हांला तरी अर्थपूर्ण वाटते.

म्हणजे औरंगाबादेस जे जाते बाईच्या तोंडून "बरं हाय" म्हणवून घेते, तेच सेंट आल्बन्सला लोकांच्या डोळ्यांत सलते. पाणी तेच, दगड तोच.

आमच्या वऱ्हाडात पाणचक्की रुजली नाही, याचे कारण नद्यांच्या स्वभावात आहे. पाणचक्कीला बारमाही धार लागते आणि धारेला पडायला उंची लागते. आमच्या काळ्या मातीच्या सपाटीवर नदी श्रावणात गाव बुडविते आणि चैत्रात वाळू दाखविते. तेव्हा वऱ्हाडची चक्की म्हणजे घरची बाई. ज्वारीचे पीठ फार दिवस ठेवले की त्याचा चिकटपणा जातो आणि भाकरी थापताना चिरते, म्हणून दळण रोजचे किंवा एका दिवसाआडचे. कोंबड्याच्या आधी उठायचे, मूठमूठ दाणे वैरायचे, खुंटा कधी उजव्या कधी डाव्या हाताने ओढायचा, आणि घरातली माणसे उठायच्या आत टोपलीभर पीठ काढायचे. दिवसाचे शेतातले निंदण-वेचण त्याच्यानंतर. ज्या बाईचा धनी गेला तिने दुसऱ्याचे दळण-कांडण करून लेकरे वाढविली, असे वाक्य आमच्या पिढीपर्यंत घरोघर ऐकू येई. इंग्रजी अमदानीत तुरुंगातल्या सक्तमजुरीत चक्की पिसणे असे. जी गोष्ट सरकारने कैद्याला शिक्षा म्हणून दिली ती आमच्या घरात सून म्हणून आलेल्या मुलीला रोज करावी लागे, आणि तिला मुदत नव्हती.

या कष्टातून ओवी निघाली हे खरे. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हॅं यांनी सहकाऱ्यांना घेऊन महाराष्ट्रातल्या खेडोपाडी हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. इतके मोठे काव्य लिहिता-वाचता न येणाऱ्या बायांनी अंधारात रचले. पण जाती गेली आणि ओव्या गेल्या म्हणून व्यासपीठावर हळहळणारे वक्ते आम्ही पाहिले आहेत, ते बहुधा पुरुष असतात. चांदुराहून धामणगाव, पुलगाव ओलांडले की वर्धा येते. तिथे १९३४ साली गांधीजींच्या प्रेरणेने अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला आणि हातजात्याच्या पिठाचा पुरस्कार झाला. पीठ सकस राहते, पैसा गावात राहतो, ही त्यांची बाजू चुकीची नव्हती, आणि गांधीजी स्वतः जात्यावर बसत, हेही मान्य. तथापि ज्याने व्रत म्हणून तासभर दळले त्याचा हात आणि जिने जन्मभर दळले तिचा हात, या दोघांना एका मापाने मोजता येत नाही.

जात्याबरोबर आणखी एक गोष्ट गेली, तिची हळहळ मात्र कोणी करीत नाही. दळून दळून दगड गुळगुळीत होतो, मग त्याला छिन्नी-हातोडीने पुन्हा दात पाडावे लागतात. त्याला जात्याला टाकी लावणे म्हणतात. आमच्या भागात हे काम करीत हिंडणारे ते टाकणकर; पारध्यांपैकीच हे लोक, आणि त्यांचे नावच टाकीवरून पडले. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि अशा फिरत्या लोकांकडे चोर म्हणूनच पाहिले. गावोगाव फिरून पिठाला धार देणारा माणूस पोलिसाच्या वहीत गेला. १९५२ साली तो कायदा रद्द झाला, तोवर चक्क्या येऊन टाकीचे काम बसत चालले होते. यंत्राने ज्यांचा धंदा जातो त्यांची मोजदाद कोणत्याच वहीत होत नाही, हे आम्ही पुढे हातमागावर आणि जिनांतही पाहिले.

मराठीत कापडाचीही गिरणी आणि पिठाचीही गिरणी, शब्द एकच. आम्ही वऱ्हाडी लोक पिठाच्या गिरणीला चक्की म्हणतो ते वेगळे. इंग्रजीतही दोहोंना एकच शब्द आहे, आणि त्याला कारण आहे. रिचर्ड आर्कराइट याने १७७१ साली क्रॉमफोर्ड येथे यंत्रावर सूत कातण्याचा कारखाना उभारला तो पाण्याच्या चाकावर. पीठ दळणारे चाक त्याने सुताला जुंपले. तिथे एक नवी गोष्ट घडली. नदी रात्रीही वाहते. मग चाक रात्री का थांबावे? आर्कराइटने बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या लावल्या. कामगारांत लहान मुलांचा भरणा मोठा. ग्रीक कवीने ज्या पाण्याच्या भरवशावर दासींना झोपून राहा म्हटले, त्याच पाण्याने पोरांची झोप काढून घेतली. पुढे वाफ आली आणि लँकेशायरची भूक इतकी वाढली की तिचा हात चांदुरापर्यंत पोहोचला. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस बंद पडला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पूर्वी हा कापूस बैलांच्या पाठीवरून पार मिर्झापूरपर्यंत जाई. आता त्याच्यासाठी रूळ पडले आणि आमच्या गावाच्या नावाला रेल्वे चिकटली.

मुंबईला १८५६ पासून आपल्याकडच्या कापडगिरण्या धुरांडी सोडू लागल्या, नागपुरास १ जानेवारी १८७७ रोजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. सूर्योदय ते सूर्यास्त काम, सुटी नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मजुरांच्या सह्यांचा अर्ज पाठवून आठवड्याची सुटी मागितली, आणि ती १० जून १८९० रोजी मिळाली. आज आपण जो रविवार आरामात घालवितो आणि ज्या सुटीत पाणचक्की पाहायला जातो, तो रविवार कोणा सरदाराच्या देणगीतून आलेला नाही. १९०५ च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे लागले. सूर्य मावळला तरी यंत्र चालू शकते हे मालकांना कळले आणि कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला. मजुरांनी काम टाकून दंगा केला. पुढे १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांत बारा तासांची मर्यादा आली. क्रॉमफोर्डची रात्र मुंबईला यायला सव्वाशे वर्षे लागली, पण ती आली.

मग पाणी पुन्हा पुढे आले. १९१५ साली टाटांच्या खोपोलीच्या वीजकेंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. सह्याद्रीवरचे पाणी तलावात अडवून खाली कोसळवायचे आणि चक्र फिरवायचे, म्हणजे तत्त्व पाणचक्कीचेच. पुढच्या धरणासाठी मुळशी पेट्यातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी पाण्याखाली जाणार म्हणून १९२१ साली सत्याग्रह झाला. पांडुरंग महादेव बापट त्यातूनच सेनापती म्हणून ओळखले जाऊ लागले. धरण झाले, भाताची खाचरे बुडाली.

आमच्याकडे आधी तेलाच्या इंजिनाच्या चक्क्या आल्या, भकभक धूर सोडणाऱ्या, अर्ध्या गावाला ऐकू जाणाऱ्या. मग विजेच्या आल्या. बायांचा खुंटा सुटला. कोणी काही म्हणो, आमच्या आयांच्या आयुष्यात दुसऱ्या कोणत्याही सुधारणेने एवढा दिलासा दिला नाही. पहाटेचे दोन तास सुटले. ते विसाव्यात गेले असे मात्र झाले नाही. दळणाई रोख पैशाने द्यावी लागे, आणि तो पैसा मिळवायला तीच बाई सकाळी लवकर दुसऱ्याच्या वावरात किंवा जिनात जाऊ लागली. आणि चक्की विजेची, म्हणजे तिचा खुंटा दूर कुठेतरी. २००५ नंतरची काही वर्षे ग्रामीण महाराष्ट्रात दिवसाचे बारा-बारा तास भारनियमन असे. तेव्हा वीज रात्री बाराला आली तर चक्कीपुढे रात्री बाराला डब्यांची रांग लागे, आणि रांगेत पुरुष थोडे असत.

वऱ्हाडची वीज कोळशाची, असे आपण म्हणतो. कोळसा जाळून करायचे काय, तर पाण्याची वाफ. अमरावतीजवळ नांदगाव पेठ येथे १,३५० मेगावॉटचा कोळशावरचा प्रकल्प ठरला, तेव्हा त्याला पाणी मोर्शीजवळच्या अप्पर वर्धा धरणातून द्यायचे ठरले. हे धरण सिंचनासाठी बांधलेले. त्याच्या कालव्याचे पाणी मोर्शी, तिवसा, चांदूर रेल्वे, धामणगाव या तालुक्यांच्या वावरांसाठी. २०१० च्या सुमारास या प्रश्नावर जिल्ह्यात मोठे आंदोलन झाले, मोर्चे निघाले, प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढेही गेले. ज्या जिल्ह्यात कर्जबाजारी शेतकऱ्यांच्या आत्महत्या वर्तमानपत्रात रोज मोजल्या जात होत्या तिथे शेताचे पाणी बॉयलरला द्यावे काय, असा तो वाद होता. प्रकल्प उभा राहिला आणि २०१३ पासून त्याचे संच चालू होऊ लागले. कालव्याच्या शेपटाकडचे शेतकरी रब्बीच्या पाळीची वाट पाहत आजही पाटबंधारे खात्याच्या कचेरीत खेटे घालतात.